हुसेनमियाँचं डबकं

हुसेनमियाँना मी पहिल्यांदा झापलं ते त्यांच्या मागच्या अंगणातल्या डबक्यावरून, आणि शेवटचं झापलं तेही त्या डबक्यावरूनच. मधल्या सहा वर्षांत किती वेळा झापलं याला मोजदाद नाही. माझं कामच ते. सौदीत, राबिघ गावाच्या बाहेर आमच्या कंपनीची फॅमिली कॉलनी आहे. तिथल्या दवाखान्यात मी सिस्टर, आणि दर पंधरवड्याला घरोघर फिरून कुठे पाणी साचलंय का, त्यात डासांच्या अळ्या आहेत का, हे बघणंही माझ्याच गळ्यात. जिद्द्यात डेंगी होतो, म्हणून आमच्याकडे नियम कडक. लांब दांड्याचं पांढरं ओगराळं घेऊन मी निघाले की बायका धावत जाऊन कुंड्यांखालच्या बशा उपड्या करतात. माझ्या मागे मला ‘अळीवाली सिस्टर’ म्हणतात. म्हणोत बापडे.

हुसेनमियाँ बशा उपड्या करणाऱ्यांतले नव्हते. ते दारातच उभे असायचे आणि मला मोठ्या मानाने मागे घेऊन जायचे, जसं काही मी त्यांची बाग बघायला पाहुणी म्हणून आलेय.

“सिस्टर, डबकं नका बोलू. तळं हाय ते.”

“हुसेनभाई, कंपनीच्या कागदात तळं असा रकानाच नाही. साचलेलं पाणी, एवढाच आहे.”

“मग कागद चुकला तुमचा,” ते म्हणायचे, आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला आत जायचे. ती खुर्ची मी सहा वर्षांत कधी वापरली नाही. मला पुढची घरं असायची.

तर हे तळं म्हणजे पाण्याच्या प्लांटमधून भंगारात निघालेली फायबरची टाकी. तिचं बूड तेवढं कापून त्यांनी जमिनीत पुरलं होतं. एक माणूस हातपाय पसरून आडवा होईल एवढं. एका बाजूला विटा रचून उथळ पायरी केलेली. एसीची नळी तळ्यात सोडलेली, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची ददात नाही. थंडीत एसी बंद, तेव्हा नळाचं पाणी. पण थेट नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि तो हुसेनमियाँनीच प्लांटमध्ये सोडलेला. “मीच घातलेलं औषध, मला नाय माहीत?” म्हणून बादल्या भरून दोन दिवस उन्हात उघड्या ठेवायच्या, क्लोरीन उडून जाऊ द्यायचा, आणि मग तांब्या-तांब्याने पाणी तळ्यात सोडायचं. आईने बाळाला दूध निववून द्यावं तसं चालायचं ते सगळं. बघून माझा जीव कासावीस व्हायचा. एवढा वेळ असतो का कोणाला!

पण खोटं कशाला बोलू, जागा छान होती. फेब्रुवारीत तर फारच. चहूकडे खारट माळ आणि रिफायनरीची धुरांडी, आणि मध्येच हे हिरवं ठिगळ. पाणकणीस आपोआप उगवलेलं, बी वाऱ्यानं आणलं की पाखरांनी, कोण जाणे. त्याचे कोवळे कोंब पाण्यातून सुरीसारखे वर यायचे. जिद्द्याच्या नर्सरीतून आणलेल्या कमळाची तांबूस पानं गुंडाळी सोडत असायची. वरच्या कडुनिंबाची जुनी पानं झडून तळ्यात पडायची आणि हुसेनमियाँ ती एकेक उचलायचे. ओल्या विटांवर मधमाशा पाणी प्यायला यायच्या. परीट पक्षी शेपटी हलवत काठाने फिरायचा, जसा काही तोच इथला इन्स्पेक्टर. एकदा हुदहुद आला होता, त्याचा फोटो त्यांनी अख्ख्या कॉलनीला पाठवला. मलाही तीनदा.

हुसेनमियाँ मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे. बाप तांडेल, भाऊ तांडेल, आणि यांना मात्र होडीत बसलं की ओकारी. घरच्यांनी हसून हसून यांची पार रया घालवली. म्हणून एक्क्याण्णव साली विमानात बसले ते इथे उतरले, प्लांटवर हेल्पर म्हणून. हेल्परचे ऑपरेटर झाले. सत्तावीस वर्षं पंप चालवले. लोक सांगायचे, हुसेनमियाँ पंपाला हात लावत नाहीत, नुसते शेजारी उभे राहून ऐकतात आणि सांगतात की आतलं बेअरिंग दोन आठवड्यांत जाणार. आणि ते जायचं. पहिली बारा वर्षं बायको-मुलं गावी, हे इथे एकटे. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. नंतर फॅमिली व्हिसा मिळाला तोवर मुलं शाळेत जायला लागलेली. आता दोघंही पोरं मुंबईत नोकरीला, आणि इथे हुसेनमियाँ आणि रुकय्याभाभी दोघंच.

दोन हजार अठराच्या जानेवारीत त्यांना पत्र आलं. त्या वर्षी पत्रं सगळ्यांनाच येत होती. परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस घ्यायचा, सरकारचं धोरण, त्यात कोणाचं काय चालणार? आमच्या ओळीतली बारा घरं, त्यातली सात आधीच रिकामी झाली होती. हुसेनमियाँचा शेवटचा दिवस ठरला एकोणतीस मार्च. त्यांच्या जागी राबिघचाच यासीन नावाचा माणूस आला. तिशी उलटलेला, दोन मुलींचा बाप, स्वभावाने गोड. हुसेनमियाँना ‘या अम्मी’ म्हणायचा, म्हणजे काका. दोन महिने काम शिकवायचं ठरलं होतं, पण यासीन पंधरा दिवसांत शिकला. मग साहेबांनी सांगितलं, “हुसेन, खलास, आता घरी आराम करा. तिकिटापर्यंत पगार चालू आहे.”

झालं. आराम करा म्हणे! सत्तावीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला आराम म्हणजे काय ते माहीत नसतं. ते सकाळी पोलो शर्ट घालून, खिशाला पेन लावून तयार व्हायचे आणि मग आठवायचं की कुठे जायचं नाहीये. घरात या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. भाभींनी बांधलेले खोके सोडायचे आणि पुन्हा बांधायचे, यांची दोरी बरोबर नाही म्हणून. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. कॉलनीच्या टाकीवरच्या मोटरचा आवाज आला की मान तिकडे.

“अहिल्या, ह्याला काय तरी गोळी दे गो,” भाभी एकदा माझ्याकडे येऊन म्हणाल्या. “मला चक्कर येते ह्याच्याकडे बघून.”

“याला गोळी नसते, भाभी.”

आणि मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तळ्यात अंडी दिसली.

जानेवारीत एक दिवस पाऊस झाला होता, तेव्हा वादीच्या, म्हणजे पलीकडच्या कोरड्या ओढ्याच्या, बाजूने बेडूक आले असणार. म्हणजे भेक. आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो. हुसेनमियाँ मला बोलवायला दवाखान्यात आले, पेशंटांची रांग ओलांडून. मी काय झालं म्हणून घाबरून गेले, तर पाणकणसाच्या बुडाशी काळ्या मण्यांच्या पोतीसारखी लांबच लांब सर गुंडाळलेली.

“ह्यासाठी मला बोलावलंत?”

“सिस्टर, सहा वर्सं हे येतात,” ते उकिडवे बसून म्हणाले. “एकदा फवारणीवाल्यानी तेल टाकलं. एकदा मी सुट्टीवर गेलो तर तळं सुकून गेलं. एकदा बगळ्यानं खाल्लं सगळं. पाय फुटून बाहेर पडताना मी एकदा बी बगितलं नाय. ह्या वर्सी बगून जाणार.”

त्यांनी कॅलेंडर काढलं. इंटरनेटवर वाचलं होतं, अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण सहा आठवडे. म्हणजे पंचवीस मार्च. तिकीट एकोणतीसचं. “चार दिवस हातात हायत,” ते म्हणाले.

मागच्या दारात भाभी उभ्या होत्या. “सोताच्या पोरांची पहिली पावलं बगितली नाय,” त्या म्हणाल्या, “आता बेडकांची बगायला बसलाय.”

त्या रागाने नाही म्हणाल्या, सहज म्हणाल्या. पण हुसेनमियाँ पाण्यात पडलेलं कडुनिंबाचं पान उचलायला वळले आणि मलाही तिथून निघायची घाई झाली. तेव्हापासून ते काय बघायला बसलेत हे मला कळलं होतं. कळूनही मी पुढे जे केलं ते केलं.

आठवडाभरात पिल्लं बाहेर आली. काळी, शेपटीवाली, कारळ्याच्या दाण्याएवढी. विटांना चिकटून शेवाळ कुरतडायची. त्याच सुमाराला मी पंधरवड्याच्या फेरीला गेले, ओगराळं बुडवलं, आणि वर काढलं तर पिल्लांबरोबर डासांच्या अळ्या. एक-दोन नाहीत, अकरा. आता काय करायचं? नियम साफ आहे. अळ्या मिळाल्या की आठ दिवसांत पाणी उपसा, नाहीतर फवारणीवाला नसरुद्दीन येऊन वर तेल टाकणार. तेल टाकलं की सगळंच मेलं.

“हुसेनभाई, मला लिहायलाच लागणार.”

“लिहा.”

“लिहा काय लिहा! तेल टाकतील ना!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, केस पांढरे झालेला, आणि चेहरा असा, की मी ओगराळं झटकून पुसायलाच लागले. मला कोणाचं असं बघणं सहन होत नाही. मग माझी अक्कल पाजळली. इथे यायच्या आधी मी रायगडमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ वर्षं काढली आहेत. तिथे आमचं एकच पालुपद, गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा. मडक्यात गप्पी मासे घेऊन मी वाड्यावस्त्यांवर फिरलेय, विहिरीत सोडलेत, रांजणात सोडलेत. मासा अळी खातो, तेल नको, औषध नको.

“गप्पी सोडू या,” मी म्हणाले.

हुसेनमियाँचा चेहरा एकदम उजळला. “आमच्या विहिरीत मासे असतातच, सिस्टर. मासा हाय म्हणजे पानी चांगलं. नवीन विहीर खणली की आमचा बाप आधी मासा सोडायचा, मग पानी प्यायचा. मला कसं नाय सुचलं?”

त्यांना त्यांच्या बापाची विहीर आठवली, मला माझं मडकं. दोघांनाही आपापलं पटलं आणि विचारायचं ते कोणीच विचारलं नाही. शुक्रवारी मी नवऱ्याच्या, उमाकांतच्या, मागे लागून गाडी जिद्द्याला काढली आणि माशांच्या दुकानातून वीस गप्पी पिशवीत घालून आणले. येताना एसी फुल ठेवला, मासे तापू नयेत म्हणून. उमाकांत स्वेटर घालून गाडी चालवत होता. “माझ्यासाठी कधी इतकी घाई केली होतीस का?” म्हणाला. मी लक्ष दिलं नाही.

चार दिवसांत अळ्या नाहीशा. ओगराळं स्वच्छ. मी कागदावर ‘निरंक’ लिहिलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

सहाव्या दिवशी हुसेनमियाँ आमच्या दारात. घंटी वाजवली नाही, नुसते उभे. मीच कचरा टाकायला बाहेर आले तर दिसले.

“सिस्टर, पोरं दिसत नायत.”

मी तशीच चपला न घालता गेले. मासे टम्म फुगलेले, मजेत फिरत होते. विटांवर जिथे काळं पसरलेलं असायचं तिथे नुसतं शेवाळ. एक पिल्लू तळाशी पडलं होतं, त्याची शेपटी अर्धी कुरतडलेली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. अहो, माशाला काय कळतं, ही अळी आहे आणि हे हुसेनमियाँचं पिल्लू आहे? कोकणातली विहीर केवढी असते, तिला कपारी असतात, दगडांच्या सांदी असतात. तिथे मासाही जगतो, बेडूकही जगतो. इथे कापलेली टाकी, सगळ्या बाजूंनी गुळगुळीत. लपायचं कुठे? करायला गेले गणपती आणि झाला मारुती. वीस वर्षांच्या नोकरीत मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

“काढा मासे,” मी म्हणाले. “आत्ता. उठा.”

मग सुरू झाली ती आमची मासेमारी. भाभींची जुनी ओढणी दोघांनी दोन टोकांना धरून पाण्यातून ओढायची, लहानपणी हुसेनमियाँ खाडीत लुंगी धरून कोलंबी पकडायचे तसं. मी ड्यूटीवरून आले की युनिफॉर्म वर खोचून पाण्यात. भाभी काठावरून पावाचा चुरा टाकायच्या, मासे आले की ओरडायच्या. तांडेलाचा मुलगा खरा, पण हुसेनमियाँचा हात काही वळत नव्हता. पहिल्या दिवशी नऊ. मग चार. मग एकेक. गप्पी म्हणजे विलक्षण जात, त्यात बारकी पिल्लंही घातली होती, तीही वेचायची. कमळाची पानं फाटली, पाणी गढूळ झालं, चिखल निवळेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा ओढणी. दहा दिवस हेच. पकडलेले मासे मी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांच्या खोलीत काचेच्या बरणीत ठेवले. पेशंट कौतुक करायचे. मला त्या बरणीकडे बघवत नसे.

पाणी निवळलं तेव्हा एक गोष्ट दिसली. विटांच्या पायरीच्या मागे, जिथे जेमतेम चार बोटं पाणी होतं आणि पाणकणसाची दाटी, तिथे मासे शिरू शकले नव्हते. आणि तिथे पिल्लं होती. चाळीस-पन्नास असतील. कोणत्यातरी भेकाने मागाहून अंडी घातली होती, आम्हा दोघांच्या नकळत.

हुसेनमियाँ गुडघ्यावर बसले आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, खूश झाले. ते म्हणाले, “ही दहा दिवस मागं हायत, सिस्टर.”

मी मनातल्या मनात दिवस मोजले. पंचवीस मार्चचे झाले चार एप्रिल. कदाचित सहा. तिकीट एकोणतीसचं.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. मी सकाळी ड्यूटीच्या आधी एकदा, संध्याकाळी एकदा तळ्यावर. हुसेनमियाँ तर तिथून हलतच नव्हते. पाणी कोमट राहिलं तर पिल्लं लवकर वाढतात असं कुठेतरी वाचलं, म्हणून कडुनिंबाची फांदी तोडून ऊन आणलं. पालक उकडून घातला. मग ऊन जास्त होतंय म्हणून चादर बांधली. मग वारा सुटला आणि चादर उडाली. मार्चमध्ये इथे वारा सुटतो तो दिवसचे दिवस, दात वाळूने करकरतात, माणसं एकमेकांवर खेकसतात. भाभी आणि हुसेनमियाँ रोज भांडत होते, कशावरून तर खोक्यांवर नाव इंग्रजीत लिहायचं की मराठीत. मी त्यांच्याकडे गेले की दोघंही मला साक्षीला बोलवायचे आणि मी दोघांनाही ओरडायचे.

“तारीख पुढे ढकलून मागा ना,” मी एकदा म्हणाले.

“काय सांगू साहेबाला? बेडूक व्हायचेत?”

तेही खरंच. एक्झिटचा शिक्का पासपोर्टवर बसला की राहायचे दिवस ठरलेले असतात, आणि घर एकोणतीसला ताब्यात द्यायचं होतं. वीस मार्चला मागचे पाय दिसायला लागले, शेपटीच्या बुडाशी दोन टोकं, बारीक, दोऱ्यासारखी. हुसेनमियाँनी मला बोलवायला माणूसच पाठवला. मी इंजेक्शन देत होते, दिलं आणि गेले.

पंचवीसला ते दवाखान्यात क्लिअरन्सचा फॉर्म घेऊन आले. देश सोडून जाणाऱ्याने सगळ्या खात्यांच्या सह्या घ्यायच्या असतात. त्यात आमच्या खात्याचा एक रकाना: घराच्या आवारात साचलेलं पाणी नाही. ती सही नसेल तर घर सुटत नाही, आणि घर सुटलं नाही तर माणूस सुटत नाही. त्यांनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि पेन स्वतःच्या खिशातून काढून दिलं.

“उद्या सकाळी तळं उपसतो, सिस्टर. मग येऊन बगा आणि सही करा. आज नको. तुमची सही खोटी नको व्हायला.”

“आणि पिल्लं?”

“काय करणार? घर रिकामं राहनार. पानी कोण घालणार? तुमची पण नोकरी हाय.”

तेव्हा मी त्यांना शेवटचं झापलं. आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला, असं नंतर कळलं. म्हटलं, सहा वर्षं मी सांगत होते उपसा, उपसा, तेव्हा ऐकलं नाहीत, आणि आता मी सांगत नसताना उपसायला निघालात? मासे आणले कोणी? मी आणले. दहा दिवस घालवले कोणी? मी घालवले. मग आता गप्प बसा. फॉर्म त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि रकान्यात सही केली. तारीख घातली, शिक्का मारला. वीस वर्षांत मी एक खोटा आकडा लिहिला नव्हता. हुसेनमियाँनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. जाताना दारात एका कडेवरच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

एकोणतीसला कंपनीची गाडी सकाळी सहाला आली. मी गेले तेव्हा खोके गाडीत चढत होते आणि हुसेनमियाँ तळ्याशी. सगळ्या पिल्लांचे मागचे पाय पूर्ण झाले होते, पोहताना ते लाथा मारायची. पुढचे पाय एकाचेही नाहीत. एकाचेही! त्यांनी वाकून वाकून बघितलं, चष्मा लावून, काढून. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला, ‘यल्ला, यल्ला’ म्हणाला.

“दोन बादल्या भरून ठेवल्यात,” ते मला म्हणाले. “डाव्या हाताची आजची, उजवी कालची. उजवीतलं आधी वापरा. दोन दिवस उन्हात. घाई करू नका, सिस्टर. तुम्हाला घाई फार.”

भाभींनी मला मिठी मारली, त्यांचा बुरखा माझ्या घड्याळात अडकला, तो सोडवता सोडवता गाडी निघायची वेळ झाली. गाडी वळेपर्यंत हुसेनमियाँ मागे बघत होते. आमच्याकडे नाही, भिंतीवरून दिसणाऱ्या कडुनिंबाकडे.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. घराची किल्ली हाउसिंगकडे, पण तपासणीच्या नावाखाली मी मागून घेतली. बादल्यांचा घोळ तिसऱ्याच दिवशी झाला, डावी कुठली, उजवी कुठली, मी भिंतीच्या आतून बघतेय की बाहेरून? सगळं पाणी फेकलं आणि नव्याने भरलं. मग दोन दिवस तळ्याची पातळी खाली, खाली. दोन एप्रिलला वावटळ आली, तळ्यावर वाळूचा थर. मी चहाच्या गाळणीने तो काढत बसले. उमाकांत भिंतीवरून डोकावून म्हणाला, “बाळंतपण कोणाचं आहे नक्की?” नसरुद्दीन त्याचं फवारणीचं यंत्र पाठीवर घेऊन आला, “मॅडम, इस घर में भी मारूँ क्या?” म्हणून विचारलं. मी म्हणाले, माझ्या सहीचा कागद आहे, इथे पाणीच नाही. तो माझ्या ओल्या पायांकडे बघून निघून गेला.

गावाहून फोन आला नाही. मीही केला नाही. काय सांगणार होते?

सहा तारखेला, शुक्रवारी सकाळी, मी फाटक उघडून मागे गेले आणि जागच्या जागी थांबले. विटांच्या पायरीवर हरभऱ्याएवढं काहीतरी हललं. मला वाटलं खडा. खड्याने उडी मारली. मग दुसरीकडे. मग काठाशी लावलेल्या पुदिन्यात. ओल्या मातीवर सगळीकडे, इवलेसे, चार पायांचे, कोणाला शेपटीचं थोडंसं टोक उरलेलं, कोणाला तेही नाही. पाण्यातून डोकं काढायचे, विटेला पुढचे हात टेकायचे, दम खायचे आणि स्वतःला वर ओढायचे. मला पाय उचलायची भीती वाटली.

मी उभ्या जागेवरून इमोवर फोन लावला. व्हॉट्सॲपचा कॉल इथून लागत नाही. बराच वेळ वाजला. मग हुसेनमियाँ दिसले, पडवीत, पोलो शर्ट, खिशाला पेन. मागे माडांच्या झावळ्या हलत होत्या आणि तेही हलत होते, उभे राहायचे, दोन पावलं जायचे, परत यायचे, म्हणून चित्र नीट दिसेना.

“हुसेनभाई, आधी थांबा एका जागी. बघा.”

मी कॅमेरा फिरवला आणि फोन पायरीजवळ खाली धरला. पलीकडचं चित्र हलायचं थांबलं. मला वाटलं, लाइन गेली.

“डावीकडं घ्या,” ते म्हणाले. “अजून. तो पडला बगा, उलटा पडला. सरळ होतोय. हां.”

“दहा दिवस माझ्यामुळे गेले,” मी म्हणाले. मला ते म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. “तुम्ही इथे असायला हवं होतं.”

ते म्हणाले, “इथं मला काय काम नाय, सिस्टर. विहिरीवर मोटर हाय, ती भाच्यानं बसवलीय, तो हात लावू देत नाय. सगळे बोलतात, बसा. किती बसायचं?” मग म्हणाले, “फोन जरा खाली घ्या. तो कडेचा दिसत नाय.”

मी मातीत बसले आणि फोन आणखी खाली धरला. बारकी भेकं एकेक करून पुदिन्यात शिरत होती, कुंपणाच्या फटीकडे निघाली होती, वादीच्या बाजूने. अर्धा तास झाला असेल. माझं मनगट दुखायला लागलं, खांदा भरून आला. मी म्हणणार होते की आता ठेवू का, तेवढ्यात पलीकडे भाभींचा आवाज आला, हळू, फोनच्या अगदी जवळ येऊन बोलल्यासारखा.

“अहिल्या, ठेवू नको गो एवढ्यात. आल्यापासनं पहिल्यांदा बसलाय हा.”

मी दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला आणि फोन तसाच धरून ठेवला.